साडेचार किलोमीटरवरचं शून्य

मार्चमधली दुपार. लातूरच्या गंजगोलाईत डांबर तापलंय, पारा पस्तिशी ओलांडून गेलाय. इथून औसा वीस किलोमीटर. आता तेच वीस किलोमीटर रस्त्यानं न जाता सरळ वर, आकाशात मोजायला लागा. वीसची गरजच पडत नाही. समुद्रसपाटीपासून साडेचार किलोमीटरच्या आसपास पोचलात की तापमान शून्य अंश. आठ किलोमीटरवर उणे वीसच्याही खाली. म्हणजे औशाच्या निम्म्या वाटेएवढंही अंतर नाही, आणि तिथं बाराही महिने हिमालयाच्या माथ्यावरची थंडी आहे!

गारपीट झाली की आपण हमखास विचारतो, एवढ्या उन्हाच्या मुलखात बर्फ आला कुठून? हा प्रश्न उलटा करून विचारायला हवा. बर्फ वर असतोच. वळवाच्या दिवसांत बालाघाटाच्या डोंगरांवर दुपारी तीन-चारला जो काळा उंच ढग उभा राहतो, त्याचा वरचा मोठा भाग बर्फाचा असतो. इतकंच काय, पावसाळ्यात आपल्या अंगावर पडणारे कितीतरी टपोरे थेंब वर बर्फ म्हणून जन्मलेले आणि वाटेत वितळलेले असतात. तेव्हा खरा प्रश्न असा आहे: बर्फ रोज वर तयार असताना रोज गारा का पडत नाहीत? आणि ज्या दिवशी पडतात त्या दिवशी एकाच ढगाखाली एका शिवारात गारा, दुसऱ्यात गारा आणि पाऊस एकत्र, तिसऱ्यात नुसतं पाणी, हे कसं काय?

हवामानाचा अंदाज देणाऱ्या माणसाला याच प्रश्नाचं उत्तर आदल्या दिवशी द्यायचं असतं. त्याच्या उत्तरावर इथं फार काही अवलंबून आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये नांदेड-लातूरच्या शिवारात काय काय उघड्यावर असतं, ते आठवा. ज्वारी काढायला आलेली, हरभरा काढून ठेवलेला, गहू पिवळा पडलेला, करडई वाळलेली, आंब्याला मोहोर, अर्धापूरकडे केळीच्या बागा आणि शिजवून वाळत घातलेली हळद. २०१४ साली फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रावर गारा पडत राहिल्या. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, जवळपास तीन आठवडे. मराठवाड्यात काळी शिवारं पांढरी झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. एकाच आकाशानं एकाच जिल्ह्याला एकदा नको तेव्हा बर्फ दिला आणि एकदा हवं तेव्हा पाणीही दिलं नाही.

तर मग ढगात शिरू या.

पाणी शून्य अंशाला गोठतं, हे आपण शाळेत शिकलो. ढगातल्या पाण्याला ते ठाऊक नसतं! ढगातला थेंब इतका बारीक असतो की त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास भरते. असा शुद्ध, एकटा थेंब उणे पाचला पाणीच राहतो, उणे पंधरालाही पाणीच राहतो, आणि त्याला कुणी छेडलं नाही तर थेट उणे अडतीसपर्यंत पाणीच राहू शकतो. गोठायला नुसती थंडी पुरत नाही. पाण्याचे रेणू ज्याच्याभोवती रांगेनं बसतील, असा एखादा कण लागतो. तो मिळेपर्यंत ढगात कोट्यवधी थेंब शून्याच्या कितीतरी खाली तसेच ताटकळत असतात.

मग हा कण येतो कुठून? इथं मराठवाड्याच्या वाचकानं जरा सरसावून बसावं. उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, कारण त्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. ते पाणी प्यायलं की फुगतं आणि वाळलं की आकसतं. या जातीच्या मातीच्या कणांवर बर्फ बसतो, हे प्रयोगशाळेत वारंवार पाहिलं गेलंय. म्हणजे वावटळीनं उचललेली आपल्याच रानातली धूळ वर जाऊन बर्फाचं बी होऊ शकते. आणि माती एकटी नाही. झाडांच्या पानांवर राहणारा सूडोमोनास सिरिंजी नावाचा एक जिवाणू आहे. तो या कामात मातीपेक्षाही तरबेज; उणे दोन अंशालाच पाणी गोठवतो. परदेशात बर्फावर घसरण्याच्या खेळांसाठी कृत्रिम बर्फ करताना हाच जिवाणू मारून वापरतात. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या संशोधकांनी गारा फोडून त्यांचा गाभा तपासला, तेव्हा तिथं त्यांना जिवाणू सापडले. पानावरचा जीव ढगात जातो, गारेच्या पोटात बसतो आणि परत शेतावर येऊन पडतो!

एकदा का एक कण गोठला की त्याचं नशीब उघडतं. तो थंड थेंबांच्या गर्दीतून जाताना जो थेंब अंगाला लागेल तो तिथंच, त्याच क्षणी गोठून चिकटतो. बघता बघता साबुदाण्याएवढी मऊ पांढरी गोळी तयार होते. हा गारेचा गर्भ.

वाटेत एक दुसराच चमत्कार घडतो आणि त्याच्यापाशी थांबल्याशिवाय पुढं जाववत नाही. या गोळ्या आणि बर्फाचे बारीक स्फटिक एकमेकांवर आदळत राहतात. प्रत्येक टकरीत थोडा विद्युतभार इकडचा तिकडे होतो. हलके स्फटिक एक भार घेऊन वर जातात, जड गोळ्या दुसरा भार घेऊन खाली राहतात. अशा अगणित टकरी झाल्या की ढगात वीज साठते आणि कडाडते. म्हणजे चाळीस अंशांच्या उन्हात, मे महिन्यात, निलंग्याच्या माळावर वीज चमकली तर ती वर बर्फ असल्याची पक्की खूण आहे. गारा पडोत न पडोत, वीज चमकली की वर बर्फ आहेच.

आता गोळीची गार कशी होते? ती खाली पडू लागते, पण खालून वारा वर चढत असतो. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन उसळते, तिच्यातली वाफ वर जाऊन पाणी होते आणि उष्णता सोडते, त्या उष्णतेनं हवा आणखी उसळते. पाण्याचा बर्फ होतानाही उष्णता सुटते, तिचीही भर पडते. चांगल्या तगड्या ढगात हा उभा वारा ताशी शंभर किलोमीटरच्याही पुढं जातो. आपण वाऱ्याची कल्पना नेहमी आडवी करतो. हा वारा जमिनीतून आभाळाकडे सुटलेला असतो! बोराएवढी गार तोलून धरायला ताशी साठ-सत्तर किलोमीटरचा उभा वारा लागतो, लिंबाएवढीला शंभराच्या पुढचा. वारा तोलून धरतो तोवर गार वाढत राहते. वारा दमला किंवा गार त्याला जड झाली की ती सुटते.

पावसाच्या थेंबाला हे भाग्य नाही. थेंब पाच-सहा मिलिमीटरच्या पुढं वाढू लागला की हवेच्या दाबानं पसरट होऊन फुटतो. म्हणून पाऊस कितीही मुसळधार असो, त्याचा थेंब ताशी तीस-बत्तीस किलोमीटरच्या पुढं सहसा जात नाही. बर्फ मात्र फुटत नाही, म्हणून त्याच्या आकाराला आणि वेगाला अशी मर्यादाच नाही. बांगलादेशात गोपालगंज इथं १४ एप्रिल १९८६ रोजी पडलेली एक गार १ किलो २० ग्रॅम भरली. सगळ्यात जड गार म्हणून जागतिक हवामान संघटनेनं तिची नोंद केली आहे. उत्तर प्रदेशात मुरादाबादजवळ ३० एप्रिल १८८८ रोजी गारांच्या एकाच वादळानं २४६ माणसांचा जीव घेतला. हा नोंदलेल्या इतिहासातला सगळ्यात भयंकर आकडा आपल्याच देशातला आहे.

एखादी मोठी गार हाती लागली तर वितळण्याआधी ती सुरीनं मधोमध कापून पाहा. आत थर दिसतील, एक काचेसारखा स्वच्छ, एक दुधाळ. ढगात पाणी बेताचं आणि थंडी कडक असली की थेंब क्षणात गोठतो, आतली हवा अडकून बारीक बुडबुडे राहतात आणि थर दुधाळ होतो. पाणी खूप असलं की ते आधी गारेच्या अंगावर पसरतं, मग सावकाश गोठतं, बुडबुडे निसटतात आणि थर स्वच्छ होतो. पूर्वी पुस्तकांत असायचं की प्रत्येक थर म्हणजे गारेची वर-खाली एक फेरी. आता असं मानतात की बहुतेक गारा इतक्या येरझाऱ्या घालत नाहीत. उभ्या वाऱ्यात तोललेल्या अवस्थेत त्या ढगाच्या एका बाजूकडून दुसरीकडे सरकतात आणि वाटेत जसं पाणी, जशी थंडी मिळेल तसा थर चढतो. पंधरा-वीस मिनिटांचा हा प्रवास गारेनं आपल्या अंगावर लिहून आणलेला असतो.

इथवर गार तयार झाली. अंदाजाची खरी कसोटी इथून पुढं आहे, कारण आता तिला खाली यायचंय. शून्य अंशाची पातळी ओलांडली की ती वितळू लागते. उरलेले चार किलोमीटर ही तिची परीक्षा!

हिशेब करून बघू. हरभऱ्याएवढी गार सेकंदाला साधारण नऊ मीटरनं पडते. चार किलोमीटर यायला तिला सात मिनिटांच्या आसपास लागतात. सात मिनिटं गरम हवेत! बहुतेकदा ती पाणी होऊनच पोचते आणि आपण म्हणतो, काय टपोरे थेंब आहेत. लिंबाएवढी गार सेकंदाला तीस मीटरनं येते. तिला सव्वादोन मिनिटंच लागतात. म्हणजे मोठीत बर्फ जास्त आणि वितळायला वेळ कमी, असा तिचा दुहेरी फायदा. म्हणून एकाच ढगातून निघालेल्या लहान गारा पाणी होऊन आणि मोठ्या गारा गारा म्हणूनच, एकाच वेळी, एकाच अंगणात येऊन पडतात. पाऊस आणि गारांची सरमिसळ म्हणतात ती हीच.

या परीक्षेत लातूर आणि नांदेड एकाच बाकावर बसत नाहीत. लातूर बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. नांदेड गोदावरीच्या काठी, साडेतीनशेच्या आसपास. अहमदपूरहून लोह्याकडे निघालात की पठार हळूहळू खाली गोदावरीकडे उतरू लागतं, ते हेच. नांदेडला पोचायला गारेला अडीचशे मीटर जास्त पडायचंय आणि तेही दोन-अडीच अंशांनी जास्त गरम हवेतून. लिंबाएवढ्या गारेला याची फिकीर नाही. हरभऱ्याएवढीला मात्र हे शेवटचे अडीचशे मीटर जड जातात. शिवाय डोंगर आणखी एक काम करतो. त्याचा उतार उन्हात आधी तापतो, आडवा वारा त्याला अडून वर वळतो, म्हणून ढगाला पहिली उसळी बहुतेक वेळा डोंगराच्या कडेला मिळते. पुढं वरचा वारा त्याला ढकलत नेतो. ढग जन्मतो एका तालुक्यात आणि गारा टाकतो दुसऱ्यात, असं यामुळंच होतं.

आता सगळ्यात उलटी वाटणारी गोष्ट. हवा कोरडी असेल तर गार जास्त टिकते! कसं? उन्हाळ्यात माठातलं पाणी गार का होतं, ते आठवा. माठाच्या अंगावरून पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितकं पाणी गार. वितळू लागलेल्या गारेच्या अंगावर पाण्याचा पातळ थर असतो. कोरड्या हवेत तो उडतो आणि गारेला थंड ठेवतो. सोबतचा पाऊसही उडतो आणि भोवतालची हवा थंड करतो. म्हणून अंदाज देणारे नुसती शून्याची उंची पाहत नाहीत. थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळलं तर तो किती उंचीवर शून्य दाखवेल, ते काढतात. कोरड्या दिवशी हे ओलं शून्य कोरड्या शून्याच्या कित्येकशे मीटर खाली असतं, कधी किलोमीटरभरही. गारेची परीक्षा तेवढी सोपी.

म्हणजे आता जुलैत गारा का पडत नाहीत, हे कोडं सुटतं. पावसाळ्यात ढग काय कमी असतात? पण तेव्हा शून्याची पातळी साडेपाच-सहा किलोमीटरवर चढलेली असते, खालची हवा दमट असते, आणि त्या ढगांतला उभा वारा बहुधा मवाळ असतो. गर्भ मोठा होत नाही, आणि जो होतो तो वाटेत वितळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र शून्य खाली आलेलं, मधली हवा कोरडी आणि जमीन तापू लागलेली. गारांना हे तिन्ही लागतं.

तरीही दर मार्चला रोज गारा पडत नाहीत, कारण चौथी गोष्ट बाहेरून यावी लागते. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून थंड हवेचे झंझावात इराण-अफगाणिस्तान ओलांडत हिमालयावर येतात. काश्मीरला बर्फ आणि पंजाबच्या गव्हाला पाणी तेच देतात. त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. एरवी ते उत्तरेतूनच निघून जातात. कधी कधी त्यांची वरची थंड लाट दक्षिणेकडे लांब उतरते आणि मराठवाड्याच्या डोक्यावर येते. त्याच वेळी खालून बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून ओलसर वारा आला, तर वर थंड, खाली गरम आणि दमट, आणि दोन्हींत वाऱ्याची दिशा वेगळी. वारा उंचीबरोबर असा बदलला की ढग तिरका उभा राहतो. त्याचा पाऊस त्याच्याच चढत्या वाऱ्यावर पडून त्याला विझवत नाही, म्हणून तो जास्त वेळ जगतो. २०१४ साली हा योग पुन्हा पुन्हा जुळत राहिला. भूमध्य समुद्रावरची हवा, बंगालच्या उपसागरातली वाफ आणि औशाच्या रानातली धूळ यांची गाठ पडते तेव्हा कुठं एक गार तयार होते!

हाच योग आधी ओळखायचा, हे अंदाजाचं काम. चार-पाच दिवस आधी संगणक एवढंच सांगू शकतो की झंझावात दक्षिणेकडे उतरतोय आणि खालून बाष्प येणार आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सप्टेंबर २०२४ पासून ‘अर्क’ नावाचा महासंगणक आहे, आणि मे २०२५ मध्ये देशाच्या अंदाजासाठी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. ती पृथ्वीभोवतीच्या हवेचे सहा-सहा किलोमीटरचे चौकोन करून गणित मांडते. आधीची प्रणाली बारा किलोमीटरचे चौकोन करायची. हा मोठा पल्ला आहे, पण गारांचा पट्टा पुष्कळदा दोन-तीन किलोमीटरच रुंद असतो. चौकोनापेक्षा संकट लहान! म्हणून संगणक तालुका सांगेल, पण बांध सांगू शकणार नाही.

आदल्या दिवशी आणि त्याच सकाळी फुगा कामाला येतो. हैदराबाद, नागपूर अशा ठिकाणांहून हवामान खातं उपकरणं बांधलेले फुगे सोडतं. जगभरात हे ठरलेल्या वेळी होतं. आपल्याकडे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. फुगा वर जाताना दर काही मीटरला तापमान, ओल आणि वारा कळवत राहतो. त्यावरून शून्य कुठं आहे, ओलं शून्य कुठं आहे, हवेत उसळी किती आहे, वारा कसा वळतोय, हे सगळं एका आलेखावर दिसतं. अनुभवी माणूस तापमानाच्या आणि ओलीच्या त्या दोन वाकड्या रेषा पाहून दुपारी काय होणार ते ओळखतो.

आणि प्रत्यक्ष दुपारी? तेव्हा मदतीला येतं रडार. लातूर आणि नांदेड, दोन्ही हैदराबादच्या डॉप्लर रडारपासून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. रडारची किरणं साधारण अर्धा अंश वर उचलून सोडतात आणि पृथ्वी गोल असल्यामुळं जमीन त्यांच्याखाली वाकत जाते. हिशेब मांडला तर लातूरवर पोचेपर्यंत किरणाचा मध्य जमिनीपासून पाच किलोमीटरच्या आसपास वर गेलेला असतो, आणि एक अंश रुंदीचा किरण तिथं चार किलोमीटर जाड झालेला असतो! म्हणजे दूरचं रडार गारांचा कारखाना पाहतं, पण माल दारात काय आला ते त्याला दिसत नाही. वितळण्याची सगळी परीक्षा त्याच्या नजरेखाली, काळोखात होते. तेच रडार साठ किलोमीटरवर असेल तर किरण जमिनीपासून सातशे-आठशे मीटरवरून जाईल आणि जाडी किलोमीटरभरच राहील. मराठवाड्यात जवळच्या रडारचं मोल किती, ते या दोन आकड्यांवरून समजावं. मला असं रडार बसवण्याचा खर्च कुठल्याही नुकसानभरपाईपेक्षा स्वस्त वाटतो.

जवळचं, नव्या पद्धतीचं रडार आणखी एक किमया करतं. ते आडव्या आणि उभ्या, अशा दोन्ही लहरी सोडतं. पावसाचा मोठा थेंब पडताना खालून चपटा होतो, त्यामुळं आडव्या लहरीला तो मोठा दिसतो आणि उभ्या लहरीला लहान. गार गडगडत, कोलांट्या घेत पडते, म्हणून दोन्ही लहरींना सरासरी सारखीच दिसते. प्रतिध्वनी जबरदस्त आणि तरीही आकार दोन्हीकडून सारखा असेल तर समजावं, ते पाणी नाही, गारा आहेत. शंभर किलोमीटरवरच्या ढगात थेंब चपटा आहे की गोल, हे माणसाला खोलीत बसून कळतं!

विजेचाही असाच उपयोग होतो. बर्फाच्या टकरी वाढल्या की विजांची संख्या एकदम उसळते, आणि पुष्कळदा गारा जमिनीवर येण्याच्या काही मिनिटं आधी. पुण्याच्याच संस्थेचं ‘दामिनी’ ॲप विजा कुठं पडतायत ते मोबाइलवर दाखवतं. ते मुख्यतः जीव वाचवण्यासाठी आहे, पण विजांचा असा लोंढा दिसला की वर बर्फाचा कारखाना जोरात चाललाय, एवढं तुम्हालाही त्यावरून कळू शकतं. रडार, उपग्रह आणि विजा पाहून हवामान खातं पुढच्या तीन तासांचा इशारा देतं, पिवळा, नारिंगी, लाल. तीन तासांत उभी ज्वारी वाचत नाही. पण हळदीवर ताडपत्री पडते, काढलेला हरभरा आत येतो, कडबा झाकता येतो, जनावरं गोठ्यात येतात आणि माणूस झाडाखालून घरात येतो.

आता एक उणीव, जी मला या सगळ्यात मोठी वाटते. एवढं सगळं झाल्यावर गारा खरंच पडल्या का, केवढ्या पडल्या, हे मोजतं कोण? पावसाच्या मापकात पडलेली गार वितळते आणि मिलिमीटरमध्ये पाणी म्हणून नोंदली जाते. महावेध प्रकल्पाची दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळांत उभी आहेत. ती पाऊस, वारा, तापमान छान मोजतात. गार त्यांच्याही हिशेबी पाणीच. युरोपात काही ठिकाणी थर्माकोलसारखी मऊ पाटी शेतात ठेवतात आणि पडलेल्या खळग्यांवरून गारांचा आकार काढतात. आपल्याकडे आकाराची नोंद होते ती माणसांच्या डोळ्यांनी. नुकसान झालं की फोटो काढले जातातच. ते काढताना गारेशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा आणि वेळ लिहा. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर. गार त्या नाण्याएवढी निघाली तर तिला तोलून धरणारा उभा वारा ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरचा असणारच. फुगा त्या ढगात नव्हता आणि रडारचा किरण तिथं चार किलोमीटर जाड होता. ढगाच्या पोटातला तो वारा मोजला तुमच्या तळहातावरच्या नाण्यानं.